आडोशाले खांदा

माह्या तोंडाले कुलूप नाई, हे साऱ्या गावाले ठाऊक हाये. म्हणून पाखरं मोजायच्या दिवशी सगळ्यात जास्त दंड मलेच बसते. दंड म्हणजे काय, तं जो मधात बोलला त्यानं परत आल्यावर साऱ्यायले चहा पाजायचा. एका साली तं मी एकाच सकाळी दोनदा बोलली. पायात काटा भरला तवा "माय वं!" म्हणली, अन् शेजारच्या गौहरभाभीनं "चूप बैठो ना" म्हणून चिमटा काढला, तवा तिले शिवी देल्ली. दुसऱ्या दंडाचा अर्धा चहा म्या तिच्याच माथी मारला. बोलली तं ते बी होती!

आमचं गाव बोरी अरबच्या अलीकडे, फाट्यावरून आत चालत यावं लागते. गावाच्या वरच्या अंगाले सरकारी पडीत जमीन हाये, ई-क्लासची. आधी तिथं वेडी बाभूळ अन् गाजरगवत माजलं होतं, गाय बी तोंड लावत नव्हती. त्या वर्षांत कापसाचं तं काई इचारूच नका. भाव नाई, बोंडात अळी, अन् पेरणी करतानाच छातीत धडधड. चारा नाई म्हणून लोकायनं रडत रडत बैलं बाजारात नेले. तवा आमचे हे, रामराव, अन् गौहरभाभीचा मालक रहेमानभाई, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा, हे दोघं एक दिवस मले सांगून राह्यले का, "आपण त्या पडीतात जुनं गवत पेरू. पवन्या, मारवेल, शेडा. आपल्या आज्याच्या वेळी होतं तसं."

मी भांडलीच. म्हटलं, "वावरातलं गवत उपटता उपटता माह्ये हात सोलून निघाले, अन् तुमी गवत पेरायले चालले? डोकं ठिकाणावर हाये का?"

पण पेरलं लेकाच्यायनं. अन् भांडण केलं तरी बाभळीच्या मुळ्या खोदायले मीच पुढं होती, हे बी सांगून ठेवतो, नाईतर रामराव सारं श्रेय एकटेच घेतील. बकऱ्या आवरल्या, दसऱ्याआधी विळा लावायचा नाई असं ठरलं. काई पावसाळ्यातच गवत कमरेले लागलं. दसऱ्यानंतर कापून घरोघरी वाटलं, अन् गावात पुन्हा बैलाच्या गळ्यातल्या घंट्या वाजायले लागल्या. मले लय बरं वाटलं बाप्पा. तोंडानं म्हटलं नाई, पण वाटलं.

मंग पाखरं आले. त्यायले कोणी बलावलं नव्हतं, पण आले. लावे, तित्तर, चंडोल. रहेमानभाईले पाखराचा भलता नाद. त्यानं टूम काढली का श्रावणातल्या एका रविवारी साऱ्या गावानं मिळून पाखरं मोजायचे. आता साऱ्यायले सारे पाखरं कुठून वळखू येतील? म्हणून एकेका घराले एकेक पाखरू वाटून देल्लं. आपलं तेवढं वळखायचं, आपलं तेवढं मोजायचं. टिटवी गौहरभाभीच्या घरी गेली, अन् ते बरोबरच झालं. आमच्या घराले आला तणमोर.

तणमोर म्हणजे कोंबड्याएवढा, काळ्या मानेचा, डोक्यामागं तुरे असलेला पक्षी. गवतात दडून राह्यते, अन् मादीले भुलवायले गवताच्या वर उडी मारते. असं म्हणतात. कारण गेल्या साली तो एकट्या रामरावले दिसला, अन् साऱ्या गावानं त्यायची टर उडवली. "रामराव, कोंबडा पाह्यला असंल तुमी!" तेव्हापासून माह्या मालकाले तणमोराशिवाय दुसरं काई सुचत नव्हतं.

मले मात्र दुसरंच सुचत होतं. माह्या गोपालले पोरगी भेटून नाई राह्यली होती. पोट्टा सोन्यासारखा. दारू नाई, खर्रा नाई, माह्यासारखं तोंड बी नाई. पण सोयरे शेतीचं नाव काढलं का उठून जात. दारव्ह्याच्या बाजारात एका बाईनं मले तोंडावर म्हटलं, "तुमच्याइकडे माणसं टिकत नाईत वो. पोरीचा जीव कायले टांगणीले लावायचा?" हातात मेथीची जुडी होती, तेच तिच्या तोंडावर मारावी वाटली. पण घरी येऊन मी लय रडली, कारण ते खोटं बोलत नव्हती.

अन् मंग कळंबचं स्थळ आलं. उकंडरावांची पोरगी, जयमाला. चिंतामणीच्या देवळापाशी त्यायचं नारळ-फुलाचं दुकान. रामराव अन् ते दारव्ह्याले एका लग्नात भेटलते, बोलणं झालं, गोपालचा फोटो त्यायच्या घरी गेला, पोरीले पसंत पडला. पण उकंडरावांनी साफ सांगतलं, "माह्या बहिणीनं, बेबीनं, हो म्हटलं तं माह्यं हो. तिनं नाई म्हटलं तं मी पोरगी देत नाई."

बेबीताईले कापसाच्या गावात देल्लं होतं. तिच्या मालकानं त्याच वर्षांत सोताच्या हातानं जीव देल्ला, अन् ते भावाच्या घरी परत आली. भाची शेतकऱ्याच्या घरी द्यायची नाई, असं ते म्हणे. भावानं हातापाया पडून एकदा पाह्यले येतो म्हणून तयार केली. म्हणजे माह्या गोपालचं सारं आता त्या एका बाईच्या होकारावर अडकलं होतं. अन् मी तिच्या जागी असती तं मी बी नाईच म्हटलं असतं. हे मले रात्रंदिवस खात होतं.

अन् रामरावनं पाहुण्यायले कोणती तारीख देल्ली म्हणता? पाखरं मोजायचीच!

"काहून, दुसरा रविवार नव्हता का साऱ्या श्रावणात?" मी म्हटलं.

"अवं, पाखरं सकाळी सहाले. पाहुणे अकराले. उगाच कायले जीव काढते?"

त्या सकाळी रामराव अंधारातच गेले. तणमोर आधी हेरून ठेवतो, म्हणे. मी घरी कांदे चिरत होती, भज्यासाठी. कांद्यानं डोळे लाल झाले, वरतून राग, वरतून त्या बेबीताईची धास्ती. मंग रडू कांद्याचं होतं का रागाचं, ते मले बी समजून नाई राह्यलं होतं. तेवढ्यात गौहरभाभी आली. "चलो विमलबाई, तुमच्या घरचा पक्षी आहे, तुमी नाई तं कोण?" अशी हात धरून मले घेऊन गेली. पदर डोक्यावर घेतला, नाक पुसलं, अन् गेली.

आता आमचं हे मोजायले जाणं कसं असते ते आधी सांगतो. रहेमानभाईची शिस्त लय कडक. भडक कपडे नाईत, जुने मळकट घालायचे. गावाबाहेरचा कडुलिंब ओलांडला का तोंड बंद. गळ्यातलं, हातातलं चमकणारं काई नको. प्यायच्या पाण्याची स्टीलची कळशी बी नको, उन्हात चमकते, पाखरं बिचकतात. म्हणून मातीच्या मडक्यात पाणी न्यायचं, अन् ते न्यायचं काम गोपालचं. तो साऱ्यायच्या पुढं. त्याच्यामागं चौघं जणं खांद्यावर आडोसा घेऊन. आडोसा म्हणजे दोन लांब बांबूवर बांधलेला तट्टा, त्याच्यावर गवत खोचलेलं. तिथं नेऊन उभा करायचा अन् त्याच्यामागं दडून बसायचं. वाटेत गवत पडू नये म्हणून त्याच्यावर रहेमानभाईची जुनी पांढरी चादर सुतळीनं बांधलेली. मागं गडीमाणसं, डोक्याले दुपट्टे गुंडाळून. त्यायच्या मागं आम्ही बाया, पदर घेऊन. एका रांगेत, हळूहळू, चुपचाप.

आम्हाले त्याच्यात काईच वावगं दिसत नव्हतं. दर साली तसंच जात होतो.

पण उकंडराव अकराले आलेच नाईत. पाहुणे येणार म्हणून सारवून-सजवून ठेवलेलं घर सारेच दाखवतात, म्हणून आपण आधीच जाऊन घर जसं हाये तसं पाहू, असं त्यायनं ठरवलं. हुशार माणूस. आदल्या रात्री दारव्ह्याले मुक्काम केला, पहाटे पहिल्या जीपनं फाट्यावर उतरले, बहीण संगं, अन् चालत निघाले. वळणावर आले तं समोरून आमची रांग.

आता तुमीच सांगा, त्यायले काय दिसलं असंल? सारं गाव मुक्यानं चाललं. चौघांच्या खांद्यावर बांबू, वरतून पांढरी चादर. पुढं मडकं घेऊन एक पोट्टा, अन् तो पोट्टा म्हणजे फोटोतला गोपाल! बाप कुठंच दिसत नाई. अन् बायायमधे एकीचे डोळे रडून लाल, दुसरी तिले हाताले धरून नेऊन राह्यली.

मले यातलं तवा काईच ठाऊक नव्हतं. मले एवढंच दिसलं का एक धोतरवाला माणूस रस्त्याच्या कडेले उभा राह्यला, चपला काढून हातात घेतल्या, दुपट्टा डोक्यावर घेतला. त्याच्यासंगची बाई मटकन खाली बसली. मले वाटलं यवतमाळचे कोणी पाखरंवाले असतील, अधूनमधून येतात, त्यायच्यातल्या बाईले चक्कर आली असंल. अन् बोलता तं येत नाई! मी तिले हातानं खुणावलं, उठ, चाल, पाणी पुढं हाये. ते माह्या तोंडाकडे पाहतच राह्यली. मंग उठली, माह्याजवळ आली, माह्या पाठीवर हात ठेवला अन् मुक्यानं रडायले लागली. म्या मनात म्हटलं, काय बाई हाये ही! पाखरू पाह्यले येऊन कोणी रडते का? पण तिचा हात असा होता का मले बी उगाच भरून आलं. कांद्याचे डोळे, पुन्हा सुरू झाले.

मागून मले समजलं का त्या वळणावर काय बोलणं झालं. बेबीताई हळूच म्हणे, "दादा, इथूनच परत चाल. मी म्हणत होती न? इथं बी तेच." अन् उकंडराव म्हणाले, "परत जाऊ, बेबी. पोरगी देत नाई मी इथं. पण मेलेल्या माणसाले पाठ दाखवून नाई जात. ज्या माणसासंग बसून जेवलो, त्याले खांदा देतो, मंग जाऊ."

तसे ते पुढं आले, अन् आडोसा उचललेल्या चौघांतल्या शंकरसिंगच्या खांद्यावरून बांबू सोताच्या खांद्यावर घेतला. शंकरसिंग खूश! त्याले वाटलं, चला, सुटलो. त्यानं हात जोडले. उकंडरावांनी बी हात जोडले. दोन-चार पावलं गेल्यावर त्यायले वाटलं कोणी रामाचं नाव काहून घेऊन नाई राह्यलं, म्हणून ते "राम बोलो" म्हणायले तोंड उघडतात, तं रहेमानभाईनं झटकन ओठावर बोट ठेवलं. उकंडरावांनी ओळखलं, म्हणजे हे मरण तसलंच हाये. तसल्या मरणात कोणी मोठ्यानं काई म्हणत नाई. बेबीच्या मालकाच्या वेळी बी असंच होतं.

वजन हलकं हाये हे त्यायले लागलंच. पण ते म्हणे, मले वाटलं, खंगून गेला असंल बिचारा.

गवतापाशी पोचलो. गवत ओलं, वरतून उन्हाची तिरीप, चंडोल वर जाऊन गात होता. उकंडराव सरण शोधून राह्यले, तं लाकडाचं ढलपं नाई. चौघायनं बांबू खाली ठेवले, सुतळी सोडली, चादर काढली. चादरीखालून निघालं गवत. उकंडराव त्या गवताकडे पाहतात, आमच्याकडे पाहतात. गड्यायनं आडोसा उभा केला, अन् सारं गाव त्याच्यामागं मांडी घालून बसलं. त्यायले बी कोणीतरी बाहीले धरून बसवलं. बेबीताई माह्याजवळ, माहा हात धरून. तट्ट्याच्या भोकातून पाह्यलं म्हणजे गवताचा सारा उतार दिसते.

अन् उडी मारली वो त्यानं!

ज्वारीची लाही तव्यावरून टण्णकन उडावी तसा उडाला. काळाभोर, पंखावर पांढरं, मान मागं टाकलेली. गवताच्या वर गेला अन् धपकन खाली. पुन्हा उडाला. पुन्हा खाली. एवढे साल भांडलो, खोदलं, राखलं, ते याच्यासाठी. माह्या घरचा पक्षी! बेबीताईनं माहा हात असा दाबला का बोटं रुतले. तिचे डोळे ओलेच होते, पण तोंड उघडंच राह्यलं, लहान पोरीसारखं.

तेवढ्यात आडोशाच्या पुढं गवत हललं, अन् त्याच्यातून रामराव उठले. डोक्यात कुसळं, गळ्यात रहेमानभाईची दुर्बीण, अन् तोंड विजयी. पाह्यलं का लेकाच्यायनो, कोंबडा म्हणत होते न? असं ते हातवारे करून आम्हाले दाखवून राह्यले.

उकंडरावांनी जी बोंब ठोकली!

"अरे बाप्पा! रामराव! तुमी तं जिते हाये!"

तणमोर भुर्रकन उडून गेला. टिटव्या ओरडल्या. सारं गाव एकदम मागं वळलं. रामराव दुर्बीण धरून तसेच उभे. "उकंडराव? तुमी? अकराले येणार होते न?"

"कोण मेलं वो मंग?" उकंडराव खांदा चोळत म्हणे. "मी कोणाले खांदा देऊन आलो?"

अर्धं गाव त्यायच्याकडे पाहे, अर्धं त्या आडोशाकडे, पांढऱ्या चादरीकडे, गोपालच्या हातातल्या मडक्याकडे. आधी गौहरभाभीले उमगलं. ते तोंडावर पदर घेऊन जे हसायले लागली, ते खालीच पडली. मंग शंकरसिंग. मंग सारेच. रहेमानभाई, जो मोजणीच्या दिवशी खोकत बी नाई, तो पोट धरून म्हणे, "या अल्ला, माह्या चादरीची मयत केली रे तुमी!" रामरावनं उकंडरावांले अशी मिठी मारली का दोघंही गवतात बसले. गोपाल बिचारा मडकं तसंच धरून लाल झाला होता.

हसून राह्यली नाई ते बेबीताई. अन् मी. आता मले समजलं होतं का माह्या पाठीवर हात ठेवून रडणारी बाई कोण होती. तिनं मले विधवा समजलं होतं. बरं स्थळ आलं अन् आम्ही त्यायचं स्वागत मयतीनं केलं. झालं, गेलं, म्हटलं. आता ही बाई कायची हो म्हणते?

परत येताना शिस्त-बिस्त कोणी पाळली नाई. रहेमानभाईनं जाहीर केलं का तणमोर मोजल्या गेला, यंदा बाहेरगावचे दोन साक्षीदार हायेत, अन् मधात बोलल्याबद्दल दंड कळंबच्या पाहुण्यायले. उकंडराव म्हणे, "मान्य. पण चहा मीच करतो." मी नाई नाई म्हणत राह्यली, तं ते धोतर खोचून माह्या अंगणातल्या मोठ्या चुलीपुढं बसले. सोयरे पाह्यले आलेला माणूस, अन् साऱ्या गावाचा चहा करून राह्यला! घर कसं हाये ते पाह्यले आलते न? दिसलं. भांडे पडलेले, कांदे अर्धे चिरलेले, डाळ करपलेली.

बेबीताई चुलीपाशी माह्याजवळ येऊन बसली. मले राहवलं नाई. म्हटलं, "बाई, तुमाले आल्या आल्या तसलं पाहावं लागलं. माह्या नवऱ्यानं तारीखच तशी देल्ली. माफ करा. तुमी नाई म्हटलं तरी माह्या मनात काई नाई येणार."

ते आधणाकडे पाहत होती. म्हणे, "विमलताई, माह्या मालकाच्या मागं बी सारं गाव चाललं. पण ते गेल्यावर. आधीचं एक साल ते एकटेच वावरात जात अन् एकटेच येत. कोणी संगं चाललं नाई. मी बी समजली नाई." मंग पदरानं तोंड पुसलं अन् भावाकडे वळली. "दादा, मी वळणावर म्हटलं होतं परत चाल. ते मागं घेतो. इथं कोणी मेलं नाई तरी सारं गाव संगं चालते. पोरगी इथंच दे."

उकंडरावांनी दुधाचं पातेलं चुलीवर ठेवलं. ते म्हणे, "अवं, मी तं खांदा बी देऊन बसलो. आता परका कसा राहीन?"

माह्या तोंडाले कुलूप नाई, हे मी आधीच सांगतलं. पण तवा दंडाची भीती नव्हती तरी माह्या तोंडातून एक शब्द फुटला नाई. मी बेबीताईच्या गळ्यात पडली अन् रडली. या खेपी कांदा नव्हता.

"अवं, दूध उतू जाऊन राह्यलं!" रामराव अंगणातून ओरडले. गौहरभाभीनं पातेलं उतरवलं, अन् साऱ्यायले चहा भेटला. साखर जराक कमी पडली होती.